सेनाइदा आत्याचं पाणी

आमच्या ला सिएनेगितात, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, वसंत लागला की आधी पाट उपसायचा. ज्याचं कुरण, त्याच्या घरचा एक गडी फावडं घेऊन उतरणार, आणि ज्याचा घाम पाटात पडला त्यालाच पाण्याचा हक्क. हा नियम पाद्रीबाबाचीही मोडायची छाती नव्हती.

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात सेनाइदा आत्याचा नवरा घोड्यासकट दरीत कोसळून गेला. मागे गाई, कुरण आणि दोन तान्ह्या पोरी. उपसणीच्या सकाळी आत्या नवऱ्याचे बूट घालून, पुढे चिंध्या कोंबून, पाटावर हजर. ही हकिगत तिनेच मला सांगितली. माझ्या बाबांनी ती कधी नाकारली नाही.

पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी देमेत्रिओ भला माणूस. म्हणाला, "घरी जा वहिनी. तुमच्या वाट्याचं आम्ही काढू. विधवेला राबवलं तर देवाला काय तोंड दाखवू?"

"आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर?"

"उरेल ते तुमचंच की."

"उरलेलं कुत्र्याला घालतात, देमेत्रिओ. माझ्या गाईंना हक्काचं पाहिजे."

दयेतली ही मेख लोकांना दाखवता दाखवता माझा अर्धा जन्म हक्कांसाठीच्या सभांमध्ये गेला. आत्याला ती उभ्या उभ्या दिसली.

ती उतरली. बाईच्या बरोबरीने फावडं मारायचं नाही म्हणून गडी एकेक करून वर चढले आणि काठावर विड्या वळत बसले. त्यांत माझे बाबा, तिचा सख्खा भाऊ.

"काय रे सेलेदोनिओ, बहीण खणतेय आणि तू मुहूर्त बघतोयस?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. बाबाही हसले. त्या हसण्याने माझं डोकं आजही फिरतं.

ती कंटाळून जावी म्हणून देमेत्रिओने तिला झाडांच्या मुळ्यांनी गच्च भरलेला तुकडा नेमून दिला. फावड्याने मुळ्या तुटेनात, तेव्हा तिने त्या हातांनी उपटल्या. संध्याकाळी तळहातांची सालपटं निघालेली, पण तुकडा साफ.

बाकीचा पाट मात्र तसाच गाळाने भरलेला. बसून राहिलो तर आपलीही कुरणं वाळणार, हे काठावरच्यांना रात्रीतून उमगलं असावं. दुसऱ्या दिवशी हातांना फडकी बांधून ती आली, तेव्हा तिच्याकडे न बघता गडी खाली उतरू लागले. बाबा सगळ्यांत शेवटी.

पाट वाहता झाल्यावर देमेत्रिओ तिच्या दारी आला. गड्यांना सांगतो तसं, नुसत्या नावाने म्हणाला, "सेनाइदा, मंगळवारी उजाडल्यापासून पाणी तुझं."

मंगळवारी बाबा फावडं घेऊन तिच्या कुरणावर गेले.

"कशाला आलास?"

"भाऊ म्हणून आलो."

"त्या दिवशीही भाऊच होतास."

बाबा खाली मान घालून परत फिरले. हातांच्या फडक्यांतून रक्त येत होतं, तरी पाणी अडवणारी पाटाची फळी आत्याने एकटीनेच उचलली.