लुलवाचा हात

प्रभाच्या समोर कुणी पानात टाकलेलं तिला चालायचं नाही. कुवेतमधल्या फर्वानियातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी एकत्र राहायचो तेव्हा मी तिला मुद्दाम छळायचे. अर्धी पोळी ताटात ठेवून उठायचे. ती दारात आडवी उभी राहायची आणि पोळी संपेपर्यंत मला हलू द्यायची नाही. मी तिला हेडमास्तरीण म्हणायचे. ती सांगलीकडची, मिरजेला नर्सिंग शिकलेली. कुवेतला आली एकोणऐंशीत, माझ्यानंतर वर्षभराने. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. तिला काम मिळालं सुलैबियाच्या रस्त्यावरच्या एका निवासगृहात. ज्यांना स्वतःचं स्वतःला करता येत नाही अशा मोठ्या माणसांना तिथे ठेवत.

तिच्या बायकांच्या वॉर्डात लुलवा होती. चाळिशीची, कुवेती. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि बोलणं गेलं ते कायमचं. ऐकू सगळं यायचं, एक पाय ओढत चालायची. आई होती तोवर आईनं सांभाळलं, आई गेल्यावर भावानं तिला इथे आणून ठेवलं. पण मरताना आईनं त्याच्याकडून शब्द घेतला होता की दर शुक्रवारी बहीण घरी असेल. म्हणून गुरुवारी दुपारी त्याची गाडी यायची आणि शनिवारी सकाळी तिला परत सोडायची.

प्रभाचा तिच्यावर फार जीव होता. सगळ्यांच्या आधी तिचं न्हाणं, तिची वेणी, तिचं जेवण. स्वतःच्या हातानं भरवायची, आणि वाटी चाटूनपुसून रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. आता आमची हेडमास्तरीण वॉर्डात तरी वेगळी कशी वागणार? पण चार घास झाले की लुलवाचा उजवा हात मनगटातून हलायला लागायचा. आंघोळीला नेतानाही हलायचा. आणि गुरुवारी गाडीचं नाव निघालं की फारच. प्रभानं राऊंडला आलेल्या इजिप्शियन डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला कंप सुटतो. त्यांनी गोळी दिली, आणि गुरुवारसाठी झोपेची सुई. तरी हात थांबेना. एकदा तो असा हलला की गरम सूप लुलवाच्या मांडीवर सांडलं आणि कातडं भाजलं. तेव्हा प्रभानंच सुचवलं की हात खुर्चीला बांधू या. खाली कापूस घालून, मऊ पट्टीनं. घरी येऊन मला सांगितलंन, बरं झालं गं, आता भाजायची भीती नाही. मीही म्हटलं, छान केलंस. दोघी शिकलेल्या, दोघींना शंकासुद्धा आली नाही.

शनिवारी परत आली की लुलवाच्या घोट्यावर लाल वळ असायचे. प्रभानं एकदा भावाला विचारलं, तो म्हणाला, पैंजण घट्ट झालेत. पैंजण काही तिच्या पायात कधी दिसले नाहीत. प्रभा घरी येऊन चडफडायची. पण वर सांगायचं म्हणजे कुणाला? भाऊ पालक, कायदा त्याच्या बाजूला, आणि त्याच्या ओळखी मोठ्या. त्यानं मनात आणलं तर प्रभाला भारतात परत पाठवायला आठवडा पुरला असता. मी तिला गप्प बस म्हणत होते. तिच्या जागी मी असते तर गप्पच बसले असते.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात निवासगृहाच्या मुख्य बाईंची आई वारली. मुख्य बाईंना तिथे मुदीरा म्हणत. सगळा स्टाफ समाचाराला गेला, प्रभाही गेली. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. एक बाई पितळी सुरईसारख्या दल्ल्यातून कॉफी ओतत फिरत होती. कान नसलेले छोटे पेले, त्यात कडू, वेलदोड्याची कॉफी. प्रभा एक पेला प्याली, बाईनं परत भरला. मयताचं घर, नको कसं म्हणायचं? आणि हातात आलेलं टाकायचं तर तिच्या रक्तातच नाही. ती पीत राहिली, बाई भरत राहिली. शेवटी तिनं पेल्यावर तळहात धरला तेव्हा शेजारची एक म्हातारी कुवेती बाई समजुतीनं हसली. प्रभाच्या हातातला रिकामा पेला तिनं घेतला, मनगटातून दोन-तीनदा हलवला आणि ओतणारीच्या हातात दिला. म्हणाली, पुरे झालं की आमच्यात असा हलवायचा, नाहीतर ती ओततच राहील.

प्रभा घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेली. फळीवरची लहान वाटी घेतली आणि माझ्यासमोर हलवली. मी भाजी परतत होते. म्हटलं, हा काय नवा खुळखुळा? ती ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मला काही समजेना. मग तिनं सगळं सांगितलं.

"ती नको म्हणत होती गं. आणि मी तिचा नकार खुर्चीला बांधून ठेवला."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताच तिनं पट्टी सोडली. घास भरवले, हात हलला, चमचा खाली ठेवला. हात थांबला. न्हाणीकडे नेलं, हात हलला, परत फिरवलं. तासाभरानं विचारलं तेव्हा लुलवा आपण होऊन उठली. प्रभा म्हणाली, लुलवा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला मान वर करवेना.

गुरुवार जवळ येत होता. प्रभाची पाचावर धारण बसली होती. तरी मुदीरा कामावर येताच ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. पट्टी कुणी सुचवली, सुई कुणामुळे सुरू झाली, घोट्यावरचे वळ, काही लपवलं नाही. आज या गोष्टींना कायद्यात शब्द आहेत, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं आहे, माणसाला विचारल्याशिवाय त्याचं भलं करायचं नाही असं शिकवतातसुद्धा. तेव्हा प्रभाजवळ यातलं काही नव्हतं. मुदीरा म्हणाल्या की माझ्या घरात रोज हेच पेले हलतात, आणि मी वर्षभरात त्या वॉर्डात पाऊल टाकलं नाही. पाठवायचं की नाही हे भावानं ठरवायचं, मला अडवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. फक्त या गुरुवारी सुई द्यायची नाही, आणि कॉफी तयार ठेवायची.

गुरुवारी भाऊ आला. पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा घातलेला, थकल्यासारखा दिसणारा माणूस. आम्ही मनात रंगवला होता तसा राक्षस काही तो नव्हता. मुदीरांनी त्याला लुलवासमोर बसवलं आणि दल्ला त्याच्याच हातात दिला. त्यानं बहिणीला पेला भरून दिला. ती प्याली. त्यानं परत भरला, ती प्याली, आणि पेला हलवून त्याच्यापुढे धरला. तो एकदम हसला. म्हणाला, आईनं शिकवलं होतं तिला, बोलणं गेल्यावर हे एवढंच राहिलं होतं.

मग त्याचं हसू गेलं. त्यानं प्रभाकडे पाहिलं. हा कंप आहे असं याच बाईनं मला सांगितलं होतं, म्हणाला. गाडी यायच्या आतच लुलवा गुंगीत गेलेली असायची, त्यामुळे त्यानं हात कधी धड पाहिलाच नव्हता.

मुदीरांनी वळांचं विचारलं. त्यानं या वेळी पैंजणाचं नाव काढलं नाही. शुक्रवारी दिवाणखाना पाहुण्यांनी भरतो, ही मधेच येऊन उभी राहते, नाहीतर फाटकातून रस्त्यावर जाते, गाड्या भरधाव असतात. म्हणून मागची खोली, बाहेरून कडी आणि पायात दोर. तिच्याच जिवासाठी, म्हणाला. पाहुण्यांपुढे लाज वाटते हे त्यानं सांगितलं नाही, पण ते ऐकू आलं. प्रभाच्या तोंडून काही निघणार इतक्यात तो तिच्याकडे वळला.

"तुम्ही हात बांधलात, मी पाय बांधला. तुम्हीही तिच्या जिवासाठीच ना?"

मग मुदीरा त्याला हळूच म्हणाल्या की आता तिला विचारा. त्यानं लुलवाचं नाव घेऊन विचारलं, घरी येतेस? लुलवाच्या हातात रिकामा पेला होता. तिनं तो हलवला. त्यानं आईचं नाव घेऊन परत विचारलं. तिनं परत हलवला. त्यानं दल्ला खाली ठेवला आणि एकटाच उठून गेला. पुढच्या शुक्रवारपासून तो निवासगृहात यायला लागला. तिच्यासमोर बसायचा, कॉफी ओतायचा आणि जायचा. शब्द मोडला म्हणून त्याला झोप लागत नाही, असं त्यानं एकदा मुदीरांना सांगितलं. मला त्याची कीव येते, आणि रागही तेवढाच येतो.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचंच. भाऊ गेला, मुदीरा गेल्या, प्रभा आणि लुलवा दोघीच राहिल्या. प्रभा तिच्यासमोर खाली बसली. पट्टीनं मनगटावर फिकट वळ उठला होता, तो कुरवाळावा, माफी मागावी, म्हणून तिनं हात पुढे केला. लुलवानं आपला हात मनगटातून हलवला. प्रभानं वेणी घालायला फणी उचलली. हात परत हलला. प्रभा उठली, वॉर्डातल्या केरळच्या नर्सला बोलावलं आणि फणी तिच्याकडे दिली. लुलवा शांतपणे डोकं वाकवून बसली.

रात्री मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, अगं, तिला काय कळतंय, उद्या विसरेल, जा तू परत. प्रभा माझ्यावर जशी संतापली तशी कधी संतापली नव्हती.

"तिला कळतं, विजया. म्हणून तर जाणार नाही."

पुढे सहा वर्षं ती त्याच वॉर्डात होती. लुलवाचं जेवण, न्हाणं, वेणी सगळं दुसरीनं केलं. रोज सकाळी प्रभा तिच्या खाटेपासून चार हात लांब उभी राहायची आणि विचारायची, मी येऊ? हात हलायचा, आणि ती पुढच्या खाटेकडे जायची. घरी मी ताटात पोळी ठेवून उठले तरी ती आता काही म्हणायची नाही. मला ते अजिबात आवडायचं नाही.