डिग्गीवरची दोरी

उज्जैनच्या माधव नगरात श्रीपाद चिटणीसांना सगळे दोरीवाले काका म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेला हा एकोणसत्तर वर्षांचा गृहस्थ स्कूटरच्या डिकीत गाठी मारलेल्या नायलॉनच्या दोऱ्या घेऊन हिंडतो. भैरवगढच्या वाटेवरची विहीर असो, एखादं शेततळं असो की क्षिप्रेचा निसरडा घाट, काका तिथे खुंटा ठोकतात आणि दोरी पाण्यात सोडून ठेवतात. पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी असावं म्हणून. लोक हसायचे. पण गेल्या महिन्यात अशाच एका दोरीला धरून एक बाई जिवंत वर आली आणि हसणं बंद झालं.

मग मराठी मंडळाचा सेक्रेटरी प्रसाद घरी आला. "काका, येत्या रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय. मना करायचं नाही, बस. आणि तुमची एकदम पहिली दोरी आहे का घरात? ती स्टेजवर टेबलावर ठेवू. लोकांना दिसली पाहिजे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. पहिली दोरी घरातच होती, जुन्या ट्रंकेच्या तळाशी. ती कुठून आली हे बायकोला, उषाकाकूंनाही, ठाऊक नव्हतं.

गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. बँकेने श्रीपादरावांना बढती दिली आणि जैसलमेरच्याही पुढे, कालव्याकाठच्या एका गावात नेऊन टाकलं. चिटणीसांच्या घराण्यात मासे आणि शिकार म्हणजे जीव की प्राण. पणजोबा दरबारी मंडळींबरोबर शिकारीला जात, याच्या बढाया अजून दिवाळीच्या फराळाबरोबर वाढल्या जातात. पण तिथे बंदुकीचं नाव काढायची सोय नव्हती. त्या भागातले लोक हरणाला पोटच्या पोरासारखं जपतात आणि ससा मारणाऱ्याला पोलिसांच्या आधी तेच धरतात. राहता राहिले मासे. वाळवंटात कसले आलेत मासे, असं कुणीही म्हणेल. पण होते, चांगले हातभर लांब! डोंगरातलं पाणी कालव्याने यायचं, त्याबरोबर रोहू यायचे. कालवा दुरुस्तीसाठी बंद होण्याआधी शेतकरी ते पाणी डिग्गीत, म्हणजे प्लास्टिक अंथरलेल्या खोल तळ्यात, भरून ठेवायचे. गावात मासे कोणी खात नसे, त्यामुळे ते निवांत वाढत. श्रीपादरावांच्या तोंडाला पाणी सुटलं.

पिण्याच्या पाण्यात गळ टाकलेला गावाला मुळीच खपला नसता. पण डिग्गीचा राखणदार हरजीराम भला माणूस होता, तो दुसरीकडे बघायचा. एकच गोष्ट त्याने पहिल्या दिवशी बजावली. काठावरच्या खुंट्याला एक गाठींची दोरी बांधलेली होती, ती पाण्यापर्यंत जायची. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बाबूजी, और कुछ भी करो, यह मत खोलना. इस पन्नी पर पैर नहीं टिकता."

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी चार किलोचा रोहू लागला. सायकलच्या कॅरिअरवर तो काही केल्या राहीना. आसपास कोणी दिसत नव्हतं. श्रीपादरावांनी खुंट्याची दोरी सोडली, मासा आवळून बांधला आणि सकाळी परत आणू, असं स्वतःलाच सांगितलं. जरा पुढे गेले असतील नसतील, मागून हाक आली. "ओ बाबूजी!"

सापडलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी जोरात पायडल मारलं. पुन्हा हाक आली. तिसरी हाक अगदी बारीक होती. आपण लांब आलो, असं त्यांना वाटलं.

उषाकाकूंनी कालवण फर्मास केलं होतं. श्रीपादरावांनी दोनदा मागून घेतलं. सकाळी दोरी पिशवीत घालून ते डिग्गीवर गेले, तर तिथे ही गर्दी. हरजीराम संध्याकाळी बादली भरायला उतरला होता आणि घसरून बुडाला होता. प्लास्टिकच्या पन्नीवर त्याच्या नखांचे ओरखडे होते. दोरी कुजून तुटली असेल, असं लोक आपसात म्हणत होते. श्रीपादरावांनी पिशवी पोटाशी धरली आणि ते मागच्या मागे फिरले.

त्या दिवसापासून त्यांनी मासा तोंडात घातला नाही. पित्त होतं म्हणून सांगितलं. माणूस भित्रा असला की त्याला पित्ताचा फार आधार असतो. पण उज्जैनला परतल्यावर कान कुठे झाकणार? भाजीवाला बाबूजी म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, घाटावरची फुलवाली म्हणते. सून घरात आली तेव्हा तिला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला बाबा म्हण, बाबूजी नको. रस्त्यात मागून तशी हाक आली की ते अजून स्कूटर थांबवतात. वळून बघतात. हाक मारणारा दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत असतो, तरी हलत नाहीत. तिसऱ्या हाकेची वाट बघत उभे राहतात.

रविवारी हॉल भरला होता. प्रसादने शाल घातली, श्रीफळ दिलं आणि माईक पुढे केला. श्रीपादरावांनी पिशवीतून जुनी, मळकी दोरी काढून टेबलावर ठेवली.

"ही पहिली," ते म्हणाले. "ही मी बांधलेली नाही. सोडून आणलेली आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मासा, सायकल, तिन्ही हाका. टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच मांडीवर परत गेले. प्रसादने सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं.

परतताना रिक्षात उषाकाकू शेजारी बसल्या. दोरीची पिशवी दोघांच्या मध्ये होती.

"त्याच दिवशीचा मासा ना तो? मी पण खाल्ला होता," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी मान हलवली.

"बायको होती त्या हरजीरामला?"

"माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

काकूंनी पिशवीत हात घालून दोरी चाचपली.

"अहो, साऱ्या उज्जैनला दोऱ्या बांधत फिरलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "तो खुंटा अजून रिकामाच असेल ना हो?"