लग्नाच्या कॅमेऱ्यातला ऑफसाइड

टीव्हीवर परदेशातल्या फुटबॉल मॅचेस दिसायला लागल्यापासून आमच्या समुद्रपूर तालुक्यात रेफ्री फार वाढले आहेत. शिट्टी घेऊन मैदानात मी एकटाच धावतो, बाकीचे सगळे बांधावर, ट्रॅक्टरवर आणि चहाच्या टपरीवर बसलेले असतात. जाम गावच्या एका ढाब्यावर तर ज्याने आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही असा माणूस मला समजावत होता, की कोणत्या तरी खेळाडूची बगल बोटभर पुढे होती म्हणून गोल रद्द झाला, आणि तो कसा चुकीचा होता. बगल धरतात की नाही यावर त्याची वाढप्याशी जुंपली. मी मनात हसत शेवभाजी संपवली.

मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि वीसेक वर्षं आसपासच्या स्पर्धांमध्ये रेफ्री. या कामात शाल आणि नारळ कधी मिळतात, कधी नाही. शिव्या मात्र नियमित मिळतात. माझी एकच मिळकत होती. सर चुकतील, पण कुणाची बाजू घेणार नाहीत, असं लोक म्हणायचे. ते वाक्य मी मनात घोळवत जगलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मागच्या वर्षी त्या वाक्याला तडा गेला. एका सामन्यात हाताला चेंडू लागला म्हणून मी पेनल्टी दिली, आणि दुसऱ्या दिवशी तसाच चेंडू तसाच हाताला लागला तेव्हा दिली नाही. वर्षभर लोक मला भर बाजारात हात दाखवून विचारत, सर, हा धरता की सोडता? स्पर्धा समितीच्या अध्यक्षांचं कृषी केंद्र आहे. यंदा त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं आणि बियाण्यांच्या पोत्यावर बसवून निर्णय ऐकवला. “सर, मागच्या सालची कटकट नाई पाह्यजे आता. मशीन सांगन, आपण आयकू.”

मशीन म्हणजे गावातला लग्नाचं शूटिंग करणारा. लग्नसराईला अवकाश होता, त्यामुळे तो, त्याचा कॅमेरा आणि वरातीपुढे लावायचा मोठा पडदा, तिघेही मोकळे होते. नियम अध्यक्षांनी क्रिकेटमधून उचलले. प्रत्येक संघाला एक अपील. अपील झालं की मी हवेत बोटांनी चौकोन काढायचा, मग पडद्यावर व्हिडिओ चालणार आणि अध्यक्ष माइकवरून निकाल सांगणार. मी पहिल्यांदा चौकोन काढला तेव्हा सर ट्रे मागताहेत असं समजून समितीतल्या एकाने माझ्यासाठी चहा पाठवला.

शूटिंगवाला कामाचा पक्का होता, फक्त काम लग्नाचं होतं. एका सामन्यात धक्का दिल्याचं अपील झालं, तर पडद्यावर त्या क्षणी प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत होते. छान आले होते. धक्का कुणी कुणाला दिला ते कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं, पण पाहुणे खूश झाले आणि माझा निर्णय कायम राहिला.

फायनल जाम आणि रोहणा यांच्यात होती. जामचा कॅप्टन हायवेवर ट्रकचे टायर काढतो-बसवतो. चौदा वर्षं खेळतोय, तीनदा फायनल हरलाय. गुडघ्याने जवाब दिलाय, त्यामुळे हे शेवटचं वर्ष असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्याच्या हातात कप बघायला जामची दुकानं दुपारीच बंद झाली होती. मलाही वाटत होतं की याला मिळावा, आणि असं वाटतंय म्हणून मी जरा जास्तच कडक वागत होतो.

शेवटची चार-पाच मिनिटं उरली, दोन्हीकडे शून्य. जामच्या मधल्या फळीतून एक लांब पास निघाला, कॅप्टन त्या दुखऱ्या गुडघ्यासह सुसाट सुटला आणि त्याने गोल मारला. मी चाळीस पावलं मागे धापा टाकत होतो. लाइन्समन म्हणजे अध्यक्षांचे साळे. झेंडा बगलेत धरून ते तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडत होते. मला एवढंच दिसलं की कॅप्टन सगळ्यांच्या फार पुढे एकटा आहे. इतका पुढे गेलेला माणूस सरळ मार्गाने गेला नसणार, असं मला वाटलं. मी ऑफसाइडची शिट्टी मारली. अंदाजाने मारली.

“काऊन हो सर, सकाळी असाच गोल देल्ला, अन् आता ऑफसाइड?” बांधावरून कुणीतरी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. सकाळच्या सामन्यात झेंडा वर गेला नाही म्हणून मी गोल दिला होता आणि आता झेंडा वर गेला नसतानाही शिट्टी मारली होती. याला मी मनातल्या मनात अनुभव म्हणत आलो आहे.

जामच्या पोरांनी कॅप्टनला घेरलं आणि अपील करायला लावलं. मी चौकोन काढला. पडद्यावर पास निघाला, कॅप्टन धावला, आणि चेंडू त्याच्या पायाशी आला तिथे शूटिंगवाल्याने चित्र थांबवलं. तीनदा चालवलं, तीनदा तिथेच थांबवलं. त्याच्या हाताला तीच सवय. लग्नात हार गळ्यात पडतो तिथे तो चित्र थांबवतो, हार उचलला तिथे कोण थांबवतं? थांबलेल्या चित्रात कॅप्टन एकटा, रोहण्याचा शेवटचा गडी चार पावलं मागे. अध्यक्षांनी माइक फुंकला आणि ऑफसाइड जाहीर केलं. लोकांनी मान डोलावली. रोहण्याकडच्यांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या.

पण व्हिडिओ धावत होता तेव्हा मी पाहिलं होतं. पासवाल्याच्या पायातून चेंडू सुटला त्या क्षणी कॅप्टन रोहण्याच्या शेवटच्या गड्याच्या एक पाऊल मागे होता. ऑफसाइड बघतात ते तिथे, चेंडू पोचतो तिथे नाही. गोल शुद्ध होता. ‘जरा मागे घ्या’ एवढंच मला म्हणायचं होतं. तीन शब्द होते आणि पडदा दहा पावलांवर होता.

मी बोललो नाही. घाबरलो होतो असंही नाही. वर्षभर बाजारात लोकांनी हात दाखवल्यावर पहिल्यांदा मशीन माझ्या बाजूने बोललं होतं आणि त्या टाळ्या मला गोड लागल्या. त्या सोडवेनात. बगलेवरून भांडणाऱ्या ढाब्यावरच्या माणसाला मी हसलो होतो, पण तो निदान खरं काय ते शोधत तरी होता.

कॅप्टन पडद्याकडून माझ्याकडे वळला. तो माझाच विद्यार्थी. चेंडू सुटतो तेव्हा बघायचं, हे शाळेच्या मैदानावर त्याच्याकडून मीच घोकून घेतलं होतं. तो थांबून बघत राहिला आणि मी घड्याळात बघितलं.

सामना शून्य-शून्य सुटला आणि पेनल्टी शूटआउटवर रोहणा जिंकलं. बक्षीस समारंभात अध्यक्षांनी मला शाल घातली आणि सांगितलं की यंदा सर आणि मशीन यांचं एकमत झालं, पुढल्या साली पडदा आणखी मोठा आणू. शूटिंगवाल्याने माझा चेहरा जवळून घेतला. पुन्हा टाळ्या झाल्या.

लोक पांगल्यावर कॅप्टन लंगडत माझ्या मोटरसायकलपाशी आला. तो भांडेल अशी मला आशा होती. भांडला असता तर मी आवाज चढवला असता आणि सुटलो असतो. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला.

“सर, व्हिडिओ चुकीच्या जाग्यावर थांबवला त्यायनं, हे मले समजलं,” तो म्हणाला. “पोट्टे म्हणत होते भांडू. मी म्हटलं, नाई. सरायनं व्हिडिओ पाह्यला, अन् ते काई बोलले नाई. गोल असता तं सर बोलले असते. ऑफसाइडच होता ना, सर?”

मी शालीची घडी घातली आणि त्याला सांगितलं, “हो.”