टाचणी दिसेल अशी फरशी

गल्लीत त्यांना सगळे टेलरमावशी म्हणत. बाई तोंडानं फटकळ, पण हातात अशी सफाई की एकदा त्यांच्याकडून कपडे शिवून घेतलेलं माणूस दुसरीकडे फिरकायचं नाही. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, पोटं सुटलेल्यांच्या पँटी, सगळं त्या घरीच शिवायच्या. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मशीन, कारण उजेड काय तो तिथंच. आणि पायाखाली जुनी मोझॅकची फरशी. पांढरे, काळे, करडे, तपकिरी, नुसते ठिपकेच ठिपके. त्यावर टाचणी पडली की गेलीच म्हणून समजा. काम आटोपलं की मावशी दोरीला लोहचुंबक बांधून खोलीभर फिरवायच्या, तरी एखादी सांध्यात दडून बसायचीच.

अशीच दडलेली एक नातीच्या तळहाताला टोचली. पोर नुकती रांगायला लागलेली. रक्त आलं एवढंसं, पण तिनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि लेकीनं मावशींना फैलावर घेतलं.

"आई, आता या घरात मी तिला खाली सोडायची नाही. सांगून ठेवते."

तेव्हापासून लेक यायची, पण पोरीला कडेवरून उतरवायची नाही. पोर खाली यायला हातपाय झाडायची, भोकाड पसरायची, आणि चहा निवायच्या आत दोघी परत निघायच्या. त्यातच लेकीची रजा संपत आलेली. ती कामावर गेली की नात आजीकडे राहणार, हे पोर जन्माला आली तेव्हाच ठरलं होतं. आता लेक पाळणाघरं बघत होती. मावशींना जेवण गोड लागेना.

"मग बंद कर ना मशीन," नवरा म्हणाला. हे गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर, सध्या मुक्काम आरामखुर्चीत.

"बंद करून काय करू? तुमचं तोंड बघत बसू? मशीनही राहील आणि नातही येईल. फरशी बदलायची!"

मावशींनी एकदा ठरवलं की संपलं. दोघं फरश्यांच्या दुकानात गेली. दुकानदार मोठा गोडबोल्या. त्यानं एक ठिपक्यांची फरशी पुढे केली. "मावशी, ही डोळे मिटून घ्या. डाग दिसत नाही, धूळ दिसत नाही. आठवडाभर झाडू मारला नाही तरी कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"अहो, तेच तर नकोय मला!" मावशी उसळल्या. "मला सगळं दिसायला हवं. जे पडेल ते दिसायला हवं."

दुकानदारानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

मावशींच्या मनात पांढरीशुभ्र फरशी होती. पांढऱ्यावर काहीही उठून दिसणार, त्यात काय मोठंसं! त्यांनी पर्समधून टाचण्यांची डबी काढली, चकचकीत पांढऱ्या फरशीवर चिमूटभर भिरकावल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "शोधा."

"मी?"

"मग काय मी? मला माझ्या टाचण्यांची सवय आहे. तुम्ही शोधा."

बिचारा गुडघ्यांवर बसला. फरशी दिव्यांखाली अशी झगमगत होती की त्यात टाचणीची चमक पार विरघळून गेलेली. चाचपत चाचपत दोन सापडल्या, तिसरी बोटात शिरली. "आई गं!" तो ओरडला.

"ही नको," मावशी म्हणाल्या. मनातून मात्र हबकल्या. घरूनच पक्की ठरवलेली फरशी तशीच घेतली असती तर?

लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीनं रेघांमध्ये टाचण्या गिळल्या. नक्षीच्या फरशीचं तर नावच नको. एव्हाना इतर गिऱ्हाइकंही वाकून शोधायला लागली होती. "मावशी, फरशी घ्यायला आलात की माझा जीव घ्यायला?" दुकानदारानं हात टेकले. शेवटी मागच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली एक गडद निळी फरशी निघाली. साधी, एकरंगी, अजिबात चकाकी नसलेली. "ही कुणी घेत नाही हो. धुळीचा कण पडला तरी दिसतो."

मावशींनी टाचण्या टाकल्या. साऱ्याच्या साऱ्या न वाकताच दिसल्या, अगदी नवऱ्यालासुद्धा, आणि त्याचा चष्मा घरी राहिला होता. मावशींचा चेहरा असा खुलला की दुकानदारही बोट चोखत हसला.

फरशी बसवताना मावशी मिस्त्रीच्या डोक्यावरच उभ्या. सांधे काठोकाठ भरून घेतले, प्रत्येकावरून नख फिरवून पाहिलं. मिस्त्री पुटपुटत होता, पण करत होता.

नव्या फरशीनं नवऱ्याची मात्र गोची केली. बिस्किटाचा चुरा, चपलांचे ठसे, सगळं लख्ख दिसायचं. "ही फरशी नाही, चुगलखोर आहे," तो कुरकुरायचा. मावशी खूश होत्या.

लेक येणार त्या दिवशी मावशींनी पहाटेपासून झाडून पुसून घेतलं. आणि नेमकी एक बाई पँट घेऊन आली, आत्ताच्या आत्ता हवी म्हणून. काम हातावेगळं होतंय तोच दारात लेक उभी, पोर कडेवर.

"अगं आई, केवढा हा पसारा!"

निळ्या फरशीवर पांढरे दोरे, कापडाच्या चिंध्या, एक बटण. सगळं दिसत होतं. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि ती बघ, टाचणी. मशीनच्या पायाशी."

संपलं, मावशींना वाटलं. गेली पोर पाळणाघरात.

लेक आत आली, वाकली, टाचणी उचलून मशीनवरच्या डबीत टाकली. मग तिथंच उभी राहून तिनं खोलीभर नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"दारातून दिसली गं मला," ती हळूच म्हणाली.

आणि तिनं पोरीला खाली सोडलं.

पोर क्षणभर निळ्याकडे बघत राहिली, मग तुरुतुरु निघाली ती थेट आरामखुर्चीखाली पडलेल्या बिस्किटाच्या चुऱ्याकडे.

"अगं धर, धर तिला!" आजोबा ओरडले.

मावशी हलल्या नाहीत. डोळे भरून आले होते, ते त्यांनी मापाच्या टेपनंच पुसले. "बिस्किटच आहे," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला. जाऊ दे तिला."