नाव चुकली

मला त्या पुलाचा राग येतो. हसा खुशाल. घरातली पोरं म्हणतात, म्हातारीला सुधारणा बघवत नाही. बघवते की. त्याच पुलावरून दुधाच्या गाड्या जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात, माझी नात कॉलेजला जाते. तरी राग येतो तो येतोच.

माझं माहेर कृष्णेच्या पल्याड. सासरच्या घाटावर उभं राहिलं की आईच्या घरामागची चिंच दिसायची. मधे नदी, आणि नदीत एकच नाव. नाव माहेरच्या गावची, नावाडीही तिथलाच. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. दिवस मावळताना तो शेवटची खेप मारायचा, की मग सकाळपर्यंत नदी बंद.

सकाळी माहेरी जायचं आणि सांजच्या खेपेनं परत यायचं, असं सासूबाईंनी ठरवून दिलेलं. पण ती शेवटची नाव माझी हटकून चुकायची. गठुडं काखोटीला मारून घाटावर पोचावं, तर नाव निम्म्या पाण्यात. मी हाक मारायची, "मामा, थांबा की." मामा बांबू रोवत तिकडूनच सांगायचा, "भरलीय गं पोरी. ऱ्हा आता उद्यापतूर." भरलीय कसली, तीन माणसं आणि एक शेळी.

तोंड पाडून घरी जावं, तर आई चुलीपुढं बसलेली. "चुकली व्हय? चुकू दे. हात धू, तुझी भाकरी झाकून ठेवलीय." दोन-चारदा असं झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाटावरून परत यायच्या आधीच माझ्या वाटणीची भाकरी तयार कशी? आणि सकाळी पाण्याच्या निमित्तानं आई मामाला वाटीभर कोरड्यास कशाला नेऊन देते? पुढच्या खेपेपासून घाटाची वाट मीच जरा सावकाश चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई फणकारायच्या. मी एवढंच सांगायची, नाव चुकली. त्यावर त्यांचं काय चालणार? नदीशी भांडायला काही त्या घाटावर जाणार नव्हत्या.

मग पूल झाला. हलगी वाजली, पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. आई तेवढी म्हणाली, "आन् मग नाव?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मामाची नाव काठावरच्या बाभळीखाली पालथी पडून राहिली आणि एका पुरात तीही गेली.

पुलानं माहेर दहा मिनिटांवर आणलं, आणि माझं तिथं राहणंच संपलं. आधी मालकांच्या फटफटीवरून, मग पोराच्या गाडीतून. उभ्या उभ्या जायचं, कपभर चहा प्यायचा, आईकडून पाठीवर हात फिरवून घ्यायचा. बाहेर हॉर्न वाजला की उठायचं. आई म्हणायची, "ऱ्हा की आजची रात." मी म्हणायची, "आगं, पूल हाय की. परवा येते." सासूबाईंना जसं नावेपुढं बोलता यायचं नाही, तसं आईला पुलापुढं. एक रात्र मागत होती ती माउली, आणि मला चुकायला काही उरलंच नव्हतं. आता आठवलं की जीव तुटतो.

गेल्या साली आईला दम लागला म्हणून मिरजेला दवाखान्यात ठेवलं. रात्री तिच्याजवळ वहिनी थांबणार होती. माझा पोरगा गाडी घेऊन खाली उभा होता. दिवस मावळायला आलेला. मी पिशवी उचलली, तेवढ्यात जंक्शनाकडं कुठल्याशा रेल्वेनं शिट्टी दिली आणि आईनं डोळे उघडले.

"नाव सुटली का गं?"

वहिनी माझ्या कानात म्हणाली, "भरमात हायत."

मी पिशवी खाली ठेवली. "सुटली, आई. चुकली माझी."

"थांबला न्हाई व्हय मामा?"

"भरलीवती म्हणं."

आई हसली. तोंडात एकही दात नाही, पण हसली. मग कष्टानं भिंतीकडं सरकली आणि खाटेवर माझ्यापुरती जागा करून दिली. "लय बरं झालं. हात धू, तुझी भाकरी झाकून ठेवलीय."

पोराला फोन करून सांगितलं, तू जा, मी राहते. वहिनीलाही घरी पाठवलं. मग नळावर जाऊन मी खरंच हात धुऊन आले. तोवर आईला झोप लागली होती.

त्याच आठवड्यात ती गेली. पूल झाल्यापासून मी तिच्यापाशी राहिले ती तेवढीच रात्र, आणि तीही मिरजेत, दवाखान्याच्या खाटेवर.