चावीवाल्याची जागा

कचेरीच्या मागच्या भिंतीला टेकून चावीवाले काका बावीस वर्षं बसत होते. एक लाकडी पेटी, एक स्टूल, कानशींचा जुडगा आणि अंगावर कायम पितळेचा भुसा. बायको म्हणायची, तुमचा सदरा धुतला की मोरीत सोनं सांडतं, कामाला मात्र येत नाही. आसपासच्या निम्म्या घरांची दारं काकांच्या हातच्या चाव्यांनी उघडत होती.

त्या आठवड्यात फरशीच्या फटींतून घाण पाणी वर येऊ लागलं. काकांनी पेटीखाली विटा घातल्या, नाकाला रुमाल बांधला आणि काम चालू ठेवलं. चौथ्या दिवशी कचेरीचे व्यवस्थापक साहेब खाली आले आणि सगळं खापर काकांच्या डोक्यावर फोडून मोकळे झाले. तुझीच गिऱ्हाइकं इथे घाण करतात म्हणे, उद्यापर्यंत गाशा गुंडाळ. काकांनी नुसती मान डोलावली. घरी बायको म्हणाली, दुसरा कोपरा बघू. पण साठी उलटलेल्या माणसाने दुसरा कोपरा शोधायचा कुठे?

सकाळी काकांनी, करून बघू म्हणून, ड्रेनेज खात्याला फोन लावला. सरकारी खातं, आलंच कुणी तर महिन्याने येईल, असं ते धरून चालले होते. पण अकराच्या आत गाडी हजर. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक ताई उतरल्या, मागोमाग पहारी घेतलेले दोघे. पाणी कधी जास्त येतं, एवढंच ताईंनी विचारलं.

"साडेदहानंतर," काका म्हणाले. "साहेब आले की."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून हिरव्या रंगाची पूड काढली. एकेका संडासात ती टाकायची, पाणी सोडायचं आणि खाली हिरवं दिसतं का ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. तळमजला झाला, पहिला मजला झाला. फरशीवरचं पाणी आपलं काळं ते काळंच. काकांचा धीर सुटत चालला. आता साहेबांचा खासगी संडास तेवढा राहिला होता, त्याचा पाइप मागाहून वेगळा जोडलेला. तिथे काही गरज नाही, असं साहेब म्हणाले. गरज नसेल तर तेही कळेल, असं म्हणून ताई आत शिरल्या.

पाच मिनिटंही लागली नाहीत. काकांच्या स्टुलाखालून हिरवंगार पाणी वर आलं. काकांचा जीव भांड्यात पडला, आणि साहेबांना वरच्या मजल्यावरचं एक तातडीचं काम आठवलं.

ते काम त्यांना अर्धवट टाकावं लागलं, कारण ताईंना त्यांची सही हवी होती. फरशी उचलण्याआधी त्या जागी काय काय आहे ते लिहायचं, आणि दुरुस्तीनंतर सगळं होतं तसं करून द्यायचं, असा खात्याचा नियम. ताईंनी टेप लावून लिहिलं: भिंतीपासून दीड फुटावर स्टूल, शेजारी पेटी, चावीवाल्याची बसण्याची जागा. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि गुपचूप सही केली.

मग माणसं खड्ड्यात उतरली. फुटलेला सांधा काढून नवा पाइप बसवला, माती दाबली, फरशी लावली, जंतुनाशकाने धुऊन काढली. हे सगळं चार वाजेपर्यंत. काकांना हातभार लावायचा होता, पण त्यांना कुणी मातीला हात लावू दिला नाही. ताईंनी स्वतः स्टूल फडक्याने पुसलं, टेपने दीड फूट मोजून जागेवर ठेवलं.

"बसून बघा, काका," त्या म्हणाल्या. "डुगडुगत असेल तर फरशी परत बसवते."

काका बसले. स्टूल जराही हललं नाही. ताईंनी हातातल्या कागदावर तशी खूण केली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" काका डोळे पुसत म्हणाले. "बावीस वर्षं झाली. इथे मला बसा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."