सलीमची सीट

आमच्या गल्लीवरून विमान गेलं तर गेलं, उतरायचं तर नावच न्हाई. तरी विमानाचे किस्से आमच्याकडं इतके साचलेत, की मोंढ्यातल्या हळदीच्या पोत्यांवाणी थप्पी लावावी! त्याला गल्लीत एका घरचं पोरगं कुवेतला असलं की पुरे. पोरगं त्यांचं, पण किस्से सगळ्यांचे. त्यात माझं घर भिंतीला भिंत लागून. कानावर पडतं, त्याला मी काय करू?

ते घर अब्बासचाचांचं. गाद्या-रजया भरायचं त्यांचं काम. बायको हलीमाखाला, आन् एकुलता एक सलीम. वायरमनचं काम शिकला आन् गेला.

*

पहिल्यांदा जाताना सलीमला पोचवायला त्याचा मामू मुंबईपर्यंत गेला होता. त्या वेळी लोकं चालत विमानाच्या शिडीपर्यंत जायचे. सगळे निघालेले बघून मामूनं खांद्यावरचा रुमाल काढला आन् कठडा ओलांडून पळत सुटायच्या बेतात! शिपायानं दंड धरला.

"कुठं चाललात?"

"रुमाल टाकून येतो सीटवर. पोरगं एवढं लांब उभं न्यायचं का?"

"अहो, तिथं सीट नंबरची असते!"

मामू म्हणला, "नंबरची तर एस.टी.त बी असती. बसतं कोण नंबर बघून?"

आमचे हे एस.टी.त कंडक्टर. हा किस्सा ऐकल्यापासून ते मामूशी कितीतरी दिवस बोलले न्हाईत!

*

त्याच खेपेला चाचांनी सलीमसाठी एक गादी भरली होती. निवडक कापूस, दोरे असे टाकलेले की बघत राहावं. विमानवाल्यांनी सामान काट्यावर ठेवलं आन् म्हणले, "एवढं वजन चालणार न्हाई. एक तर गादी न्या, न्हाईतर ही ट्रंक."

मामू परत आला तो ट्रंक घेऊन! सगळे कपडे ट्रंकेत.

खालानं डोळ्याला पदर लावला. "लेकरू अंगावरच्या कपड्यानं गेलं गं!"

चाचा मात्र खूश. म्हणले, "कपडे तिथं बी मिळत्यात. अशी गादी तिथल्या शेखाकडं बी नसंल!"

*

मग रमजानच्या दोन ईदा सलीमबिगर गेल्या. त्या दोन्ही ईदांना खालानं शीरखुर्मा केला न्हाई. "तो आल्याबिगर दूध चुलीवर चढणार न्हाई," म्हणायची. ईदच्या दिवशी चाचा बिचारे दुसऱ्याच्या घरचा खाऊन यायचे, आन् तो बी मिशा पुसून, चोरून!

तिसऱ्या वर्षी दिवाळी आन् रमजान ईद एकाच हप्त्यात आली. साऱ्या मुलखाला त्याच वेळी घरी यायचं. सलीमची तार आली, की विमानात जागा मिळणं मुश्कील हाय, ईद कोणत्या तारखेला ते लवकर कळवा, सीट पक्की करतो.

चाचा पोस्टात गेले. तारमास्तर म्हणले, "सांगा मजकूर."

"लिहा, चाँद दिसला की कळवतो."

"चाचा, विमानवाले चांदासाठी थांबत न्हाईत! तारीख सांगा."

चाचा जरा विचार करून म्हणले, "मास्तर, ते तर वरच फिरत्यात. त्यांनाच आधी दिसंल की! त्यांनाच विचारा म्हणा."

शेवटी मास्तरांनी आपल्या अंदाजानं तारीख टाकली. सीट मिळाल्याची तार आली आन् खाला गल्लीभर सांगत फिरली.

*

ईद जवळ आली तशी कळमनुरीच्या कापडवाल्यानं बातमी आणली. मुंबईला गर्दी मायंदाळ, विमानं लेट, लोकं सामानावर डोकं ठेवून झोपलेत!

आमचे हे इतके खूश झाले, की पुन्हा एकदा भांग पाडला. अंगणात येऊन मोठ्यानं म्हणले, "आमची गाडी जरा थांबली की शिव्या देता. द्या की आता वरच्या गाडीला!"

भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला, "भाऊ, तुमची गाडी बंद पडली तर माणूस निदान चालत तरी येतं!"

हे कंगवा खिशात घालून आत आले.

*

ईदच्या दिवशी खाला सकाळपासून उंबऱ्यात बसून. नमाज झाली, लोकं गळाभेट घेऊन गेले, गल्लीभर शीरखुर्म्याचा वास. हिच्या घरात मात्र दूध गार, खारीक-काजू ताटलीखाली झाकून ठेवलेले. मी साखर मागायच्या निमित्तानं दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दारात एक माणूस, हातात मोठी बॅग. बॅग बघून खाला ताडकन उठली. मग त्याचं तोंड बघून खाली बसली.

"मी कुरुंद्याचा उत्तम, मावशी. सलीमसंगं कामाला असतो. हे सामान त्यानं दिलंय."

"आन् तो?"

"त्याची सीट पक्की होती, माझी न्हाई. आई लई बिमार हाय म्हणून मला घरून तार आली होती. ऐन वेळी तो बाजूला झाला आन् मलाच पुढं ढकललं. आता त्याला ईद झाल्याबिगर जागा न्हाई." उत्तमनं मान खाली घातली. "मी आधीच यायला पाहिजे होतं. पण आईपासून हलवंना."

मी हातातली रिकामी वाटी घट्ट धरून उभी. खालानं बॅग उंबऱ्याच्या आत ओढून घेतली.

"आई कशी हाय तुझी?"

"ओळखलं मला. काल जरा पेज प्याली."

खाला उठून आत गेली. उत्तम चपला घालू लागला. "येतो मावशी. गाडीची वेळ झाली."

"बस तिथंच!" आतून आवाज आला, आन् पाठोपाठ चूल फुंकल्याचा.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात सलीमची निळ्या काठाची वाटी, शीरखुर्म्यानं काठोकाठ भरलेली. वाटीवर त्याचं नाव कोरलेलं. उत्तमनं ते वाचलं आन् हात मागं घेतला.

"मावशी, ही तर सलीमची..."

खाला म्हणली, "त्याच्या सीटवर बसताना लाजला न्हाईस, आता वाटीला काहून लाजून राहिलास?"